मापात पाप

आजारी माणसाच्या इयादतीला जाणे हे आपल्याकडे कर्तव्य मानले जाते. आपण जातो, उशाशी बसतो, दुवा करतो आणि उठता उठता एक वाक्य हमखास बोलतो, "काही विशेष नाही, इन्शाअल्ला बरे व्हाल." पुष्कळदा हे बोलताना आपल्याला आजाराचे नाव माहीत असते. शेजाऱ्यांना माहीत असते, व्याह्यांना माहीत असते, औषधे आणून देणाऱ्या पोरालाही माहीत असते. खाटेवर पडलेल्या माणसालाच तेवढे माहीत नसते. ही दया की अन्याय, हा प्रश्न मला कित्येक वर्षे पडला नाही. पडला तेव्हा मी स्वतःच आरोपी होतो.

माझे मोठे मामू खामगावच्या बाजारात मापारी होते. तूर, ज्वारी, पुढे सोयाबीन, शेतकऱ्याचा माल त्यांच्या काट्यावरून जायचा. पोत्यामागे थोडा कडता धरण्याची रीत बाजारात जुनी. मामूंनी ती कधी धरली नाही. अडते कुरकुर करत, शेतकरी मात्र त्यांच्याच काट्यासमोर गाडी लावत. 'मापात पाप नको' हे त्यांचे नेहमीचे बोलणे. नमाजाइतकेच ते मापाला जपत.

२००१च्या पावसाळ्यात त्यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. दुखत काहीच नव्हते, म्हणून त्यांनी महिनाभर कुणाला सांगितले नाही. पूर्वी एकदा त्यांना मुतखडा झाला होता, त्यामुळे घरातही सर्वांना तेच वाटले. आमचे काही नातेवाईक जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडे खारपाणपट्ट्यात राहतात. त्या भागात किडनी म्हटले की डोळ्यापुढे खारे पाणी आणि डायलिसिस येते, कर्करोग येत नाही. अकोल्याला सोनोग्राफी झाली, डाव्या किडनीत मोठी गाठ दिसली. नागपूरला शस्त्रक्रिया करून ती किडनी काढून टाकली. आठवड्याने तपासणीचा अहवाल आला. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, नुकताच शाळेत शिक्षक म्हणून लागलेला. अहवाल मी वाचला. कर्करोग होता, मात्र किडनीच्या बाहेर गेलेला नव्हता.

दवाखान्याच्या व्हरांड्यात आमची मसलत झाली. मामूंना सांगायचे नाही, यावर सर्वांचे एकमत झाले. मुलींची लग्ने व्हायची होती, मामी आधीच खचल्या होत्या. प्रश्न उरला, सांगायचे काय? ते वाक्य मी सुचवले. "मुतखड्यानं किडनी खराब झाली होती, काढून टाकली. दुसरी उत्तम आहे." मामूंनी मान डोलावली, अलहम्दुलिल्लाह म्हटले आणि पंधरा दिवसांनी खामगावला परतले. त्या वेळी मला आपण फार शहाणपणाने वागलो असे वाटले होते.

घरी पाठवताना डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर लिहिले होते की ठरावीक काळाने छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करत राहावे. दोन वर्षे मामूंनी ते केले. मग एक दिवस ते मला म्हणाले, "खडा गेला, किडनीही गेली. आता छातीचा फोटो कशाला?" त्यांचे तर्कशास्त्र बिनचूक होते. चूक होती ती आम्ही दिलेल्या माहितीत. मला तेव्हाही बोलता आले असते. मी म्हणालो, "राहू द्या मग."

इथे या आजाराचा स्वभाव सांगणे भाग आहे. किडनीतून रक्त वाहून नेणारी शीर शरीरातल्या मोठ्या नीलेला मिळते. तिथून रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला आणि हृदयातून फुप्फुसांत जाते. फुप्फुसांतल्या केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे ही त्या वाटेवरची पहिली चाळणी. किडनीतल्या गाठीपासून सुटलेली पेशी पुष्कळदा त्या चाळणीत अडकते. अडकलेल्या बहुतेक पेशी मरतात, काही मात्र निजून राहतात. शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना वाढू देत नाही आणि पुरती संपवतही नाही. काळ्या मातीत खोल गेलेले तणाचे बी जसे कित्येक हंगाम दिसत नाही आणि एखाद्या वर्षी वर येते, तसे हे आहे. ही झोप पाच वर्षांची असते, दहांची असते, कधी वीस वर्षांहून अधिक असते.

यात भीतीइतकाच धीरही आहे. आजार किडनीपुरता असताना शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांत तो परतत नाही. ज्यांच्यात परततो त्यांच्यात बहुधा पहिल्या पाच वर्षांत परततो. अमेरिकेत १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षे पार केलेल्या रुग्णांपैकी शंभरात सुमारे अकरा जणांना त्यानंतर आजार उलटल्याचे आढळले होते. म्हणजे उरलेल्या एकोणनव्वदांना तो उलटला नाही. म्हणून जाणते डॉक्टर 'बरा झाला' असे म्हणण्याची घाई करत नाहीत. ते म्हणतात, 'आज आजाराचा मागमूस नाही, पण तपासत राहा.' या वाक्यात जेवढे ठाऊक आहे तेवढेच वजन आहे. आम्ही मामूंना दिलेल्या वाक्यात ते नव्हते.

२०१८च्या नोव्हेंबरात हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी मामूंच्या छातीचा एक्स-रे काढला. दोन्ही फुप्फुसांत गोल डाग दिसले. डॉक्टरांनी विचारले, "पूर्वी काही मोठा आजार? ऑपरेशन?" मामूंनी खरे तेच सांगितले, म्हणजे त्यांना जे खरे म्हणून माहीत होते ते. "मुतखड्यानं एक किडनी काढलीय." सतरा वर्षांपूर्वीचे माझे वाक्य आता त्यांच्या तोंडून बाहेर पडले. कापसाच्या आणि धान्याच्या धुळीत जन्म गेलेला माणूस, बारीक खोकला, आपल्या देशात घरोघर असलेला क्षयरोग. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी क्षयाची औषधे सुरू झाली. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. ज्या माहितीवर ते चालले ती आम्ही बिघडवलेली होती.

तीन महिने औषधे झाली, डाग वाढतच गेले. मामी सैलानीला नवस बोलून आल्या. मार्च २०१९मध्ये मी खामगावला गेलो, एक्स-रे उजेडात धरला आणि माझ्या पोटात गोळा आला. लोखंडी पेटीच्या तळाशी २००१ची फाईल होती. ती घेऊन नागपूरला गेलो. सुई घालून तुकडा तपासला. फुप्फुसात जे होते ते फुप्फुसाचे नव्हतेच. सतरा वर्षांपूर्वी काढून टाकलेल्या किडनीचे होते.

खोट्याविषयी आपली एक समजूत असते की ते बोलले त्या दिवशीच संपते. खोटे बोलणारा विसरतो, ज्याला सांगितले तो मात्र ते जपून ठेवतो. पुढे तो त्याच्या आधारावर निर्णय घेतो, दुसऱ्यांना सांगतो, डॉक्टरांना सांगतो. दयेपोटी बोललेले खोटेही याला अपवाद नाही. वेळेवर एक्स-रे निघाले असते तर मामू अधिक जगले असते असा दावा मी करणार नाही. तसे मापता येत नाही. पण तीन महिने ते चुकीची औषधे खात राहिले याचा हिशेब मात्र माझ्या नावावर आहे.

आता सांगायचे की नाही, यावर पुन्हा मसलत बसली. मामेभाऊ म्हणाले, "अब्बा खचतील. आणि सांगून उपयोग काय, यावर उपाय आहे का?" हा प्रश्न २००१ साली काही अंशी बरोबर होता. नेहमीची केमोथेरपी या आजाराला फारशी दाद देत नाही. फुप्फुसात एखादीच गाठ असेल तर ती काढता येते. बार्नी आणि चर्चिल या अमेरिकन शल्यविशारदांनी किडनीबरोबर फुप्फुसातली गाठही काढल्याचे १९३९ साली प्रसिद्ध केले होते. तो रुग्ण पुढे तेवीस वर्षे जगला आणि हृदयविकाराने गेला. पण डाग अनेक असतील तर हातात फारसे काही नसे. डिसेंबर २००५मध्ये सोराफेनिब आणि लगोलग जानेवारी २००६मध्ये सुनिटिनिब या गोळ्यांना अमेरिकेत मान्यता मिळाली आणि चित्र बदलले. नंतर प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधेही आली. प्रश्न किमतीचा होता. सोराफेनिबचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये होता. मार्च २०१२मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून हैदराबादच्या नॅटको कंपनीला भारतातला पहिला सक्तीचा परवाना मिळाला आणि तेच औषध ८,८०० रुपयांच्या आसपास देणे तिला बंधनकारक झाले. मूळ कंपनी बायर हायकोर्टात गेली. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला. म्हणजे उपाय नाही म्हणून गप्प राहण्याचे कारणही आता उरले नव्हते. शिवाय उशिरा परतणारा हा आजार बहुधा सावकाश चालतो. मामूंच्या हातात वेळ होता. तो त्यांचा आहे हे त्यांना कळायला हवे होते.

न सांगणे ही आपली पूर्वेकडची माया आणि सांगणे हा पश्चिमेचा कोरडेपणा, असे पुष्कळजण म्हणतात. ते खरे नाही. १९६१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांना विचारले तेव्हा दहांपैकी सुमारे नऊ जणांचा कल कर्करोग रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ साली तोच प्रश्न विचारला तेव्हा शंभरात सत्त्याण्णव सांगण्याच्या बाजूचे होते. तेही आपल्यासारखेच लपवत होते, नंतर शिकले. आपल्याकडेही जानेवारी २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या एका खटल्यात स्पष्ट सांगितले की स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाऐवजी आईने दिलेली संमती, जिवावरचा प्रसंग नसेल तर, चालत नाही. आईची चालत नाही, तिथे भाच्याची कुठून चालणार?

आणि आपल्याला हे न्यायालयानेच शिकवावे असेही नाही. अमानत या शब्दाचा अर्थ आपल्या घरातल्या लहान मुलालाही कळतो. कुणी पैसे ठेवायला दिले तर आपण त्यातला रुपयाही त्याच्या भल्यासाठी म्हणून परस्पर खर्च करत नाही. मामूंच्या शरीराची बातमी ही मामूंची अमानत होती. अहवाल इंग्रजीत असल्यामुळे ती माझ्या हाती पडली, एवढाच माझा तिच्याशी संबंध.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी, असरच्या नमाजानंतर, मी त्यांच्या खाटेशेजारी बसलो. म्हणालो, "मामू, आजाराविषयी सगळं ऐकायचंय, की तेवढ्यापुरतं सांगू?" ते म्हणाले, "पूर्ण सांग." मी सांगितले. २००१पासून सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारले, "तेव्हा कुणाकुणाला माहीत होतं?" मी नावे घेत गेलो, ते बोटे मोजत होते. आठ झाली. "आठ जणांना माहीत होतं," ते म्हणाले, "आणि ज्याच्या पोटातून काढलं त्याला नाही." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

ते खचले का? दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या आईला बोलावून घेतले. आईने १९८६ साली वडिलोपार्जित शेतावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली होती. आपल्याकडे बहिणी अशा सह्या करतात. शरीयतने त्यांचा हिस्सा ठरवून दिला आहे हे सर्वांना पाठ असते, पण भावाचे घर माहेर म्हणून उघडे राहावे यासाठी त्या सही करतात आणि भाऊ तिला बहिणीची खुशी म्हणतात. मामू आईला म्हणाले, "जन्मभर दुसऱ्यांचं धान्य नीट मापलं. तुझं माप तेवढं राहून गेलं." पुढच्या महिन्यात त्यांनी दोन एकर जमीन आईच्या नावे नोंदवून दिली. आई आधी नाही म्हणत होती, मग कार्यालयाच्या पायरीवर बसून रडली.

इथे मला थांबावे लागते. मामेभावांनी उघड आरोप केला की हिश्श्यासाठीच मी सत्य सांगितले. त्यांचे चुकले असे मला ठामपणे म्हणता येत नाही. सांगायला बसलो तेव्हा शेत माझ्या मनात नव्हते, असे मी शपथेवर म्हणू शकतो. पण आपण आपल्या मनाचे किती जाणतो? खोटे मी निव्वळ मायेपोटी बोललो होतो आणि त्याने अपाय झाला. खरे बोललो आणि त्यातून माझ्या घराला लाभ झाला. नियत शुद्ध म्हणजे कृती शुद्ध, हे सोपे गणित या दोन्ही वेळा जुळले नाही. मला त्यातून एवढेच कळले की सत्य सांगणाऱ्याने स्वतःला तपासत राहावे, पण स्वतःविषयी शंका आहे म्हणून दुसऱ्याची अमानत अडवून ठेवू नये. त्या वर्षीपासून शेताचा मक्ता येतो तेव्हा तो मोजताना माझा हात आजही अडखळतो. अडखळावा हेच बरे.

एक आक्षेप याहून मोठा आहे आणि तो मामींनी घेतला. त्या म्हणाल्या, "तू तेव्हा सांगितलं असतंस तर ही सतरा वर्षं त्यांनी भीतीत काढली असती. दोन मुलींची लग्नं केली, हजला गेले, नातवंडं खेळवली. प्रत्येक खोकल्याला ते दचकले असते. ती सतरा वर्षं तू त्यांना परत दिली असतीस का?" यावर मी निरुत्तर झालो. काही माणसांना खरोखरच जाणून घ्यायचे नसते, आणि तोही त्यांचा हक्क आहे. पण तो हक्क बजावायला आधी कुणीतरी विचारावे लागते. आम्ही मामूंना विचारलेच नव्हते. शिवाय सत्य सांगणे म्हणजे नुसते आजाराचे नाव अंगावर टाकणे नव्हे. 'गाठ होती, पूर्ण निघाली आहे, बहुतेकांत परतत नाही, तरी छातीचा फोटो काढत राहू,' असेही सांगता आले असते. तेही सत्यच होते, आणि त्यात धीर देण्यासारखे पुष्कळ होते. भीती वाढते ती माप न दिलेल्या बातमीने.

मी मामींचा प्रश्न पुढे एकदा मामूंनाच विचारला. तोवर गोळ्या सुरू होऊन वर्ष झाले होते. तळहात सोलवटले होते, जिभेची चव गेली होती, पण डाग आकसले होते. ते म्हणाले, "सतरा वर्षं चांगली गेली, ती काही खोटी नव्हती. ती अल्लाहनं दिली, तुमच्या खोट्यानं नाही. भ्यालो असतो का? भ्यालो असतो. पण बहिणीचं शेत तेव्हाच दिलं असतं." थोड्या वेळाने म्हणाले, "कदाचित दिलंही नसतं. तरणा होतो."

त्या 'कदाचित'मुळे मला त्यांचे उत्तर आजही खरे वाटते. आजार कळला म्हणजे माणूस संत होतो असे नाही. कळल्यावर काय करायचे ते त्याचे त्याने ठरवावे. देणी फेडावीत, माफी मागावी, नाहीतर काहीच न करता अंगणात बसून राहावे. सगळ्यांचीच मुदत ठरलेली आहे हे आपण जनाजाच्या वेळी म्हणतो. ज्याला आपल्या मुदतीची थोडी चाहूल लागू शकते त्याच्यापासून ती चाहूल लपवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

मामू जानेवारी २०२२मध्ये गेले. एक्स-रेत डाग दिसल्यापासून तीन वर्षांहून थोडे अधिक. शेवटच्या महिन्यांत लोक इयादतीला यायचे आणि सवयीने म्हणायचे, "काही विशेष नाही, बरे व्हाल." मामू त्यांना हसून सांगत, "जुन्या किडनीचा कॅन्सर आहे, छातीत उतरलाय. दुवा करा, पण नीट नाव घेऊन करा." येणारा क्षणभर गडबडायचा. मग मात्र खुर्ची पुढे ओढायचा आणि दोघे खरे बोलू लागायचे. कुणी जुनी उधारी काढायचा, कुणी माफी मागायचा, कुणी नुसता हात धरून बसायचा. त्या खोलीत मी इतकी वर्षे इतके खरे बोलणे ऐकले नव्हते.

आता मीही इयादतीला जातो. दाराशी नातेवाईक हळूच बाजूला घेऊन म्हणतात, "त्यांना माहीत नाही, बोलू नका." मी परस्पर बोलत नाही, ते माझे काम नव्हे. पण त्या नातेवाइकाला एकच विचारतो, "त्यांना जाणून घ्यायचंय का, हे तुम्ही एकदा तरी विचारलंय?" आजवर बहुतेकांनी मान खाली घातली आहे. आठ जणांमध्ये बसून मीही तशीच घातली होती.